परसबागेचे बारमाही पंचांग

परसबाग सुरू करण्याचा उत्साह बहुधा मृगाच्या पहिल्या सरींबरोबर येतो आणि एप्रिलच्या उन्हात ओसरतो. जूनमध्ये हौसेने लावलेले वेल श्रावणात मांडवभर पसरतात, दिवाळीनंतर मेथी-कोथिंबिरीचे वाफे भरून येतात. परंतु उन्हाळा लागून पाण्याची ओढाताण सुरू झाली, की कुंड्या एकेक करून कोरड्या पडू लागतात. छत्रपती संभाजीनगर शहरात, किंबहुना संपूर्ण मराठवाड्यात, परसबागेचे भवितव्य मुख्यतः पाण्याच्या नियोजनावर अवलंबून असते. म्हणूनच पावसाळ्यात किती लावता येईल यापेक्षा मे महिन्यात किती जगवता येईल, हे पाहून बागेचा आकार ठरवावा. या प्रदेशातील परसबागेचा हाच पहिला नियम होय.

मराठवाड्याच्या पारंपरिक स्वयंपाकाने हा नियम फार पूर्वी आत्मसात केला आहे. पावसाळ्यात रानभाज्या व वेलभाज्या, हिवाळ्यात पालेभाज्या व शेंगा आणि उन्हाळ्यात वाळवणे, असा त्याचा क्रम आहे. बारा महिने सर्व भाज्या मिळाव्यात ही अपेक्षा सोडून हा क्रम पाळला, तर घरामागची चार हातांची जागा किंवा गच्चीचा एक कोपराही कुटुंबाच्या ताटात मोलाची भर घालू शकतो.

पाणी आधी, बियाणे नंतर

या शहराचा इतिहास पाण्याच्या शोधाशी जोडलेला आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले आणि उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नहरींतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. पाणचक्की हे त्याच परंपरेचे आजही पाहता येणारे उदाहरण. पुढे पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. शहराची तहान या धरणावर भागू लागली. तरीही वाढत्या वसाहतींना कित्येक वर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार करावा लागला. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांच्या दुष्काळांनी पाण्याची किंमत या भागाला पुन्हा पुन्हा शिकविली. अशा ठिकाणी पिण्याचे पाणी भाजीला घालणे परवडणारेही नाही आणि योग्यही नाही.

गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात सुमारे ३५ हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता २८ हजार लिटर हाती लागू शकते. एवढे पाणी घरी साठविणे शक्य नसले, तरी हजार-दोन हजार लिटरची टाकी पावसाच्या खंडात बाग तारून नेते. उरलेले पाणी गाळणी खड्ड्यातून कूपनलिकेशेजारी जिरवावे. पहिल्या एक-दोन सरींत गच्चीवरील धूळ वाहून येते, म्हणून ते पाणी साठवू नये.

आता खर्चाची बाजू. शेडनेट आणि आच्छादन असले, तरी एप्रिल-मे महिन्यांत भाजीपाल्याला प्रति चौरस मीटर दररोज ५ ते ६ लिटर पाणी लागते, असे ढोबळ मानाने धरावे. हिवाळ्यात हेच प्रमाण ३ लिटरच्या आसपास येते. ज्या घरात उन्हाळ्यात दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर पाणी बागेसाठी निघू शकते, त्या घराने उन्हाळी लागवड ५ चौरस मीटरपुरतीच ठेवावी. उरलेले वाफे पालापाचोळ्याने झाकून विश्रांतीला ठेवण्यात कमीपणा नाही. शेतकरीही कोरडवाहू जमीन उन्हाळ्यात तापू देतो.

डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी निःशंकपणे बागेला द्यावे. साबण व डिटर्जंटचे पाणी मात्र भाजीच्या वाफ्यात सोडू नये. त्यातील सोडियममुळे आधीच चिबड होण्याची प्रवृत्ती असलेली काळी माती अधिक बिघडते. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार एकवटलेले असतात. ते रोज कुंडीत ओतले तर काही महिन्यांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो. त्याचा उपयोग फरशी पुसण्यासाठी करावा. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके हा ठिबक सिंचनाचा स्वस्त पर्याय आहे. न रंगविलेल्या मडक्यातून पाणी मुळांशी हळूहळू झिरपते आणि वरची माती कोरडी राहिल्याने तणही कमी उगवते.

माती, खत आणि गच्चीचा भार

शहराची जमीन बसाल्ट खडकावरची. सखल भागात भारी काळी माती, तर चढावर मुरूम. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर भेगाळते, मुरमात पाणी थांबत नाही. दोन्हींवर औषध एकच, ते म्हणजे भरपूर सेंद्रिय खत. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण घ्यावे. प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

गच्चीवर बाग करताना वजनाचा विचार आधी करावा. २० सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा एक चौरस मीटर वाफा साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. भुसा आणि खताचे प्रमाण वाढवून हा भार बराच कमी करता येतो. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न मांडता भिंती व तुळयांच्या रेषेवर मांडाव्यात आणि त्याआधी गच्चीचे जलरोधन तपासून घ्यावे. जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय वाफे बांधू नयेत.

खतासाठी बाजारात जाण्याची गरज फारशी पडत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथील कचरा डेपो ग्रामस्थांच्या आंदोलनामुळे बंद झाला आणि शहरातील रस्त्यांच्या कडेला कचऱ्याचे ढीग साचले, हे नागरिकांच्या स्मरणात असेलच. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा हा ओला कचरा त्याच ढिगांत जात होता. भोके पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्याचा एक थर आणि वाळलेल्या पानांचा दुप्पट जाड थर असे रचत गेल्यास दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. दुर्गंधी येऊ लागली, तर कोरडा पाला कमी पडला असे समजावे. गच्चीवरील बागेचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून घरातील काडीकचऱ्यावर भाजी पिकविण्याचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मांडला होता.

पावसाळा : वेल, भेंडी आणि अंबाडी

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मात्र पहिल्या सरीवर बी टाकण्याची घाई करू नये. माती वीतभर खोल ओली झाल्यावरच पेरणी करावी. भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, दुधी, काकडी आणि भोपळा या बिया थेट वाफ्यात टोकाव्यात. वांगी व मिरचीची रोपे मे महिन्याच्या अखेरीस सावलीत तयार करून चार ते पाच आठवड्यांनी लावावीत. भेंडी ४५ ते ५० दिवसांत, तर दोडका दोन महिन्यांच्या आत तोडणीला येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात प्रसारित केलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाचा प्रतिकार करणारी म्हणून देशभर गाजली. तिचे बी पुढील वर्षासाठी घरी राखता येते, हा परसबागेच्या दृष्टीने मोठा गुण.

अंबाडी ही या ऋतूतील खास मराठवाडी भाजी. कमी पाण्यावर येते आणि शेंडे खुडत राहिल्यास पुन्हा फुटते. पाने उकडून आंबट पाणी थोडे काढून टाकावे, त्यात भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ शिजवून घोटावी आणि वरून लसूण व लाल मिरचीची चरचरीत फोडणी द्यावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर याहून अधिक काही लागत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे शहरातील मुस्लिम घरांत हीच भाजी 'अंबाडा' या नावाने मटणात पडते. एकाच वाफ्यातील पाला दोन चुलींवर दोन चवी धारण करतो.

दोडका सोलताना निघालेल्या शिरा टाकू नयेत. त्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे व लसणाबरोबर कुटल्या की उत्तम चटणी होते. दुधी व काकडी चिरण्यापूर्वी एक बारीक तुकडा चाखून पाहावा. तो कडू लागला, तर संपूर्ण फळ फेकून द्यावे. त्यातील कडू द्रव्य विषारी असून त्याने प्रकृतीला गंभीर अपाय होऊ शकतो. अळूची पाने खाजरी असतात, म्हणून चिंच किंवा आंबट चुका घालून ती पूर्ण शिजवावीत. वाफ्याकडेला आपोआप उगवणारे तरोटा, कुर्डू, घोळ, केना ही तणे म्हणजेच रानभाज्या होत. मात्र जाणकाराकडून ओळख पटल्याशिवाय कोणतीही वनस्पती शिजवू नये.

भाद्रपदातील सण या बागेचा हिशेबच मांडतात. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते, म्हणून परसातील माठ, अळू, दोडका, भोपळा, भेंडी, मक्याची कणसे एकत्र शिजवून अल्प मसाल्याची भाजी केली जाते. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात; त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील लागते. त्यासाठी प्रत्येक भाजीचा वेगळा वाटा विकत आणण्याऐवजी परसात चार-चार झाडे लावण्याची रीत किती व्यवहारी होती, हे अशा वेळी कळते.

हिवाळा : बागेचा सुगीचा काळ

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ परसबागेला सर्वाधिक मानवतो. ऊन कोवळे, कीड कमी आणि पाण्याची गरज निम्मी. ज्यांना पहिल्यांदाच बाग करायची आहे, त्यांनी जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये सुरुवात करणे श्रेयस्कर. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चाकवत, आंबट चुका, मुळा, गाजर, लसूण, वाटाणा आणि वालघेवडा यांची पेरणी टप्प्याटप्प्याने करावी. सबंध वाफा एकाच दिवशी पेरला तर एकाच आठवड्यात भाजीचा ढीग पडतो आणि नंतर महिनाभर काही नसते. वाफ्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एक भाग पेरला, तर मेथी व कोथिंबीर सलग मिळत राहते. मेथी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. धने पेरण्यापूर्वी हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवावे. टोमॅटो व कोबीची रोपे सप्टेंबरमध्येच तयार करून ठेवावीत.

या ऋतूत दोन कोरडवाहू पिकांना बागेत अवश्य स्थान द्यावे. ती म्हणजे करडई आणि हरभरा. दोन्ही ओलाव्यावर वाढतात. करडईचा पाला काटे धरण्यापूर्वी, कोवळा असतानाच खुडावा. बारीक चिरून, मुगाची डाळ व भरपूर लसूण घालून केलेली ही भाजी शहरातील नव्या पिढीच्या विस्मरणात जात चालली आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात आणि घाटेही वाढतात. खुडलेला पाला ओलाही शिजवता येतो व वाळवून वर्षभर ठेवताही येतो.

१३ जानेवारीच्या सुमारास येणारी भोगी हा हिवाळी बागेचा उत्सव. वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा आणि बोरे, तीळ-दाण्याचे कूट घालून एकत्र शिजविली जातात; सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. त्या दिवसांत परसात जे जे असते ते ते एका भांड्यात येते. मुळ्याचा कीस आणि भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ यांचा चटका, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे कांद्याच्या पातीसह भरीत, दाणे व हरभरा डाळ घातलेली चुक्याची पातळ भाजी हे याच काळातील पदार्थ. जोंधळ्याचा हुरडा गावाकडून आला, तर बागेतील ओल्या लसणाची चटणी त्याच्या शेजारी हवीच.

उन्हाळा : थोडे पिकवा, अधिक राखा

मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी गाठतो, अनेकदा ओलांडतो. या काळासाठी चवळी, गवार, भेंडी व काकडी यांची पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उरकावी, म्हणजे खरे ऊन तापण्यापूर्वी मुळे खोल जातात. निम्मा प्रकाश अडविणारी शेडनेट पुरेशी होते. ती नसल्यास जुन्या सुती साड्यांचा मांडवही चालतो. मातीवर दोन-तीन इंच जाडीचे वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन हवेच. ओली घोळ, चिवळ आणि वेलीवरची मायाळू या भाज्या उन्हात तग धरतात. मायाळूच्या जाड पानांची भजी आणि मुगाच्या डाळीतील चिवळ ही उन्हाळ्यातील हिरवी चव होय.

ज्यांना रोज पाणी घालणे जमणार नाही, त्यांनी बारमाही झाडांवर भर द्यावा. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू ही झाडे एकदा रुजली की आठवड्यातून एक-दोन पाण्यांवर निभावतात. शेवग्याचा शेंडा तीन फुटांवर छाटला तर फांद्या आडव्या फुटतात आणि शेंगा हाताशी येतात. शेवग्याच्या शेंगांचे आपल्याला कौतुक. परंतु पाने अधिक पौष्टिक असून ती वर्षभर मिळतात. कोवळी पाने मुगाच्या डाळीत, थालीपिठात किंवा नुसती लसणावर परतून खावीत. पुदिना व गवती चहा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ लावण्याची जुनी सवय आता टाळावी. जी पाने कच्ची खायची, त्यांना स्वच्छ पाणीच द्यावे.

उन्हाळ्याची दुसरी बाजू म्हणजे वाळवण. ज्या उन्हाने बाग सुकते, तेच ऊन भाजी टिकविते. गवार, मेथी आणि कारल्याच्या काचऱ्या मीठ लावून कडकडीत वाळवाव्यात. कोहळ्याचा कीस मिसळून उडदाच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीचे सांडगे घालावेत; मिरच्यांना चीर पाडून, मसाला भरून सांडगी मिरची करावी. पदार्थ मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला म्हणजे तो साठवणीयोग्य झाला. जूनच्या अखेरीस भाज्या महागतात आणि बागेत अजून काही नसते, तेव्हा येसराच्या आमटीत सोडलेले मूठभर सांडगे आठवडा भागवितात.

कीड आणि बियाणे

घरची भाजी विषमुक्त राहावी हा परसबागेचा मुख्य हेतू असल्याने रासायनिक कीटकनाशके टाळावीत. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, चमचाभर साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी फवारावी. मावा व तुडतुडे आटोक्यात राहतात. दर आठ-दहा दिवसांनी फवारणी केल्यास तिचा परिणाम दिसतो. पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झालेली फांदी कापून नष्ट करावी. एका वाफ्यात लागोपाठ वांगी, मिरची, टोमॅटो घेऊ नयेत. मध्ये गवार किंवा चवळी घ्यावी, त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते.

संकरित वाणांचे बी पुढील वर्षी तसेच पीक देत नाही. देशी दोडका, वाल, भोपळा, अंबाडी यांचे एकेक निरोगी फळ झाडावरच पिकू द्यावे आणि बी सावलीत वाळवून राखेत ठेवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी याच साध्या रीतीने देशी वाणांची बीज बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्यात 'उमेद' अभियानाने महिला बचत गटांमार्फत पोषण परसबागांची चळवळ गावोगावी नेली आहे. शहरातील वाचकांना हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्र तसेच पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र येथे माती, रोपे आणि वाणांबाबत चौकशी करता येते.

किती अपेक्षा ठेवावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. चौघांच्या कुटुंबाची ही सर्व गरज दहा चौरस मीटरच्या बागेतून भागत नाही, हे स्पष्टपणे ध्यानात घ्यावे. एक चौरस मीटर मेथीच्या वाफ्यातून एका वेळी साधारण एक किलोपर्यंत भाजी निघते. परंतु ज्या वस्तू बाजारातून आणल्यावर दुसऱ्याच दिवशी सुकतात, त्या पालेभाज्या, कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, मिरच्या आणि लिंबे यांचा मोठा भाग या बागेतून मिळू शकतो. पाव किलोची गरज असताना जुडी आणून निम्मी फेकण्याची वेळही येत नाही.

पहिल्या वर्षी मेथी, कोथिंबीर, मिरची, अंबाडी आणि एक शेवगा एवढ्यावरच थांबावे. मे महिना पार करून ही पाच नावे टिकली, म्हणजे आपल्या घरात बागेसाठी किती पाणी आहे याचा अंदाज येतो. पुढचा वाफा त्यानंतर खणावा.